‘चवीपुरते मीठ’ प्रयोगात चालत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विज्ञान प्रदर्शनांचे दिवस जवळ आले की मुलांच्या पुरवण्यांत मिठाचे प्रयोग हमखास छापून येतात. त्यांची भाषा ठरलेली असते : थोडे मीठ घ्या, पाण्यात विरघळवा, दोरा सोडा, काही दिवसांत स्फटिक तयार. पाककृतीत ‘चवीपुरते मीठ’ लिहिलेले चालते, कारण स्वयंपाक करणाऱ्याच्या हाताला अंदाज असतो. सहावी ते आठवीच्या मुलाला तो नसतो. प्रयोग फसला की आपलेच चुकले असे त्याला वाटते. खरे तर बहुतेक वेळा चूक त्या ‘थोडे’ची असते, नाहीतर ऋतूची किंवा पुड्यातल्या मिठाची. आम्ही काही जण हा विषय शिकवतो. पुरवणीत छापता येईल इतक्या नेमकेपणाने काही गोष्टी मांडाव्यात, यासाठी हे पत्र.

आधी शब्दांचा घोळ. आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांत आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून जो पदार्थ बनतो त्याला ‘क्षार’ म्हणतात. हिंदीत त्याच पदार्थाला ‘लवण’ म्हणतात आणि ‘क्षार’ हा शब्द अल्कलीसाठी, म्हणजे जवळजवळ उलट बाजूच्या पदार्थासाठी वापरतात. मुले अभ्यासाचे व्हिडिओ हिंदीत पाहतात आणि परीक्षा मराठीत देतात, तेव्हा ‘क्षार लाल लिटमस निळा करतो’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत उतरते. खाण्याच्या मिठाचे द्रावण उदासीन असते, ते लिटमसला हातही लावत नाही. हा फरक वर्गात पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून द्यावा.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘मिठाचा रेणू’. पाण्याचा रेणू असतो, साखरेचा असतो, घन मिठात मात्र असा सुटा रेणू दाखवता येत नाही. सोडियमच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन असतो, क्लोरीनच्या सात. तो एक इकडून तिकडे गेला की सोडियम धनभारित आणि क्लोरीन ऋणभारित आयन होतो. मग प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराईड आणि प्रत्येक क्लोराईडभोवती सहा सोडियम, अशी रचना चहूबाजूंनी पसरत जाते. त्यातला कुठला सोडियम कुठल्या क्लोराईडचा, हा प्रश्नच निरर्थक आहे. ०.३ मिलिमीटर बाजूच्या एका कणात अशा सुमारे सहावर सतरा शून्ये इतक्या जोड्या असतात.

हे नुसते सांगण्यापेक्षा दाखवणे सोपे आहे. काळ्या कागदावर चिमूटभर बारीक मीठ पसरा आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहा. बहुतेक कण चौकोनी ठोकळे दिसतात, काहींचे कोपरे झिजलेले असतात. मग खड्या मिठाचा एक स्वच्छ खडा फडक्यात गुंडाळून हलका ठोका द्या. तुकडे वेडेवाकडे न होता सपाट, काटकोनी पृष्ठांवर फुटतात. ठोक्याने आयनांचा एक थर शेजारच्या थरावरून किंचित सरकतो, धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येते, आणि दोन्ही थर एकमेकांना ढकलून देतात. तांब्याची तार ठोकली तर चपटी होते, मीठ फुटते. आयन आणि धातू यांतला फरक समजावायला याहून स्वस्त साधन नाही.

विद्युतवहनासाठी ९ व्होल्टची एक बॅटरी, एक लाल एलईडी, त्याच्याशी एकसर जोडणीत ४७० ओहमचा रोधक आणि दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली पुरतात. पेन्सिलींची टोके एक-दोन सेंटिमीटर अंतरावर ठेवा. एलईडीचा लांब पाय धन बाजूला हवा; तो उलटा बसला तर काहीच पेटत नाही आणि अर्धा तास बॅटरीला दोष देण्यात जातो. आधी कोरड्या मिठात टोके खुपसा : एलईडी विझलेला राहतो. मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते ऊर्ध्वपातित पाणी घ्या : तरीही विझलेला. त्याच पाण्यात पाव चमचा मीठ टाका : एलईडी झळकतो. ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचे किंवा बोअरवेलचे पाणी घेतले तर एलईडी आधीच मिणमिणतो आणि मुले ‘पाणी वीज वाहते’ असे लिहून मोकळी होतात. म्हणून तिन्ही पाणी शेजारी शेजारी ठेवून दाखवावीत. टोके चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ बुडवू नयेत. कारण पुढे येईलच.

आता स्फटिक. सर्वांत जास्त फसणारा प्रयोग हाच.

१०० मिलिलिटर पाण्यात खोलीच्या तापमानाला सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते, म्हणजे चहाचे सहा-सात सपाट चमचे. मुले दोन चमच्यांवर थांबतात. असे द्रावण संपृक्ततेपासून, म्हणजे आणखी मीठ विरघळूच शकणार नाही त्या टप्प्यापासून, फार दूर असते; त्यात सोडलेला बीजस्फटिक (ज्याच्यावर वाढ व्हावी म्हणून सोडतात तो छोटा स्फटिक) रातोरात विरघळून जातो. खूण सोपी आहे : चांगले ढवळून तासभर ठेवल्यावरही तळाशी थोडे मीठ शिल्लक दिसले पाहिजे.

दुसरी चूक तुरटीवरून येते. २० अंश सेल्सिअसला १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे १४ ग्रॅम तुरटी विरघळते, ५० अंशांना जवळपास ३७. त्यामुळे गरम द्रावण थंड केले की तुरटी भराभर बाहेर पडते. मिठाचे तसे नाही. शून्य अंशाला सुमारे ३५.७ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात सुमारे ३९ ग्रॅम, एवढाच फरक. उकळते संपृक्त द्रावण थंड केले तर हाती दोन-तीन ग्रॅम चुरा येतो. मिठाचा स्फटिक वाढवायचा तर पाणी हळूहळू उडून जावे लागते, त्याला दुसरा मार्ग नाही.

म्हणूनच ऋतू महत्त्वाचा. संपृक्त मीठपाण्यावरच्या हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिर होते. खोलीतली हवा त्याहून दमट असेल तर पाणी उडत नाहीच, उलट द्रावण हवेतले पाणी ओढून घेते. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हा प्रयोग दिला तर बशी महिनाभर तशीच राहील. नोव्हेंबर ते मे हे त्याचे दिवस. पावसाळ्यात बरणीतले मीठ पाझरते तेही याच हिशेबाने. खडे मीठ तर आणखी लवकर ओलावते, कारण त्यात थोडे मॅग्नेशियम क्लोराईड राहिलेले असते आणि ते ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी खेचू लागते.

तिसरे कारण पुड्यात असते. बारीक मीठ मोकळे राहावे म्हणून त्यात सिलिका किंवा तत्सम पदार्थ अत्यल्प प्रमाणात घालतात. सिलिका विरघळत नाही, त्यामुळे द्रावण गढूळ दिसते आणि मुलांना मीठ भेसळीचे वाटते. काही मिठांत फेरोसायनाईड असते. नाव भयंकर वाटले तरी ठरवून दिलेल्या मर्यादेत ते खाण्यास सुरक्षित मानले जाते, कारण त्यातला सायनाईड लोहाशी घट्ट बांधलेला असतो. स्फटिकाच्या वाढीत मात्र ते लुडबूड करते आणि ठोकळ्याऐवजी फांद्या फुटलेले, झुडपासारखे आकार देते. म्हणून स्फटिकासाठी खडे मीठच घ्यावे.

कृती अशी. १०० मिलिलिटर कोमट पाण्यात ४० ग्रॅम खडे मीठ ढवळा, रात्रभर निवू द्या, वरचे नितळ द्रावण गाळण-कागदातून गाळा. पसरट बशीत साधारण एक सेंटिमीटर खोलीपर्यंत ओता. बशीच्या काठाला आतून व्हॅसलिनचे बोट फिरवा, नाहीतर मीठ काठावर चढते आणि बाहेर टेबलापर्यंत पसरते. वर वर्तमानपत्राचा कागद टाकून (आपल्या अंकाचा हा आणखी एक उपयोग) पंख्यापासून दूर, हलणार नाही अशा जागी ठेवा. चार ते आठ दिवसांत तळाशी ठोकळे दिसू लागतात. त्यातला दोन-तीन मिलिमीटरचा, पारदर्शक, एकटा वाढलेला स्फटिक चिमट्याने उचलून ताज्या, गाळलेल्या संपृक्त द्रावणात ठेवा आणि दर दोन दिवसांनी त्याची बाजू बदला. दोरा टाळावा, कारण दोऱ्यातून द्रावण वर चढते आणि मीठ पाण्याबाहेरच्या दोऱ्यावर साचते.

हेच मोठ्या प्रमाणावर पाहायचे तर पेण, उरण, वसई, शिरोडा किंवा गोव्यातल्या आगरवाड्याच्या बाजूची मिठागरे आहेत. सहल नेली तर मुलांना ‘सूर्य पाणी वाळवतो, मीठ उरते’ एवढेच सांगून परत आणू नये. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम विरघळलेले पदार्थ असतात आणि त्यांतला तीन-चतुर्थांशाहून थोडा जास्त भाग सोडियम क्लोराईडचा. बाकी मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे क्षार. पाणी आटते तसे ते पाळीपाळीने बाहेर पडतात. द्रावणाची घनता बोमे नावाच्या मापनपट्टीच्या अंशांत मोजतात (हे तापमानाचे अंश नव्हेत). समुद्राचे पाणी तीन-साडेतीन अंशांचे असते. आधी चुन्याचा अंश खाली बसतो, १३ अंशांच्या पुढे जिप्सम, आणि २५ अंशांच्या सुमारास मीठ धरू लागते. २९-३० अंशांना उरलेले पाणी काढून टाकावे लागते. ते पूर्ण आटवले तर मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरतात आणि मीठ कडवट लागते, पटकन ओले होते. वाफ्यांची रांग असते ती यासाठीच : जिप्सम एका वाफ्यात सोडून द्यायचे, मीठ दुसऱ्यात धरायचे, कडू पाणी तिसरीकडे काढायचे.

शाळेतही हे करता येते. मातकट खडे मीठ विरघळवून गाळा, बशीत तीन-चतुर्थांश पाणी आटेपर्यंत ठेवा आणि उरलेले द्रावण ओतून टाका. स्फटिक धुवायचे तर साध्या पाण्याने धुऊ नका, निम्मे वाहून जातील. स्वच्छ मिठाच्या संपृक्त द्रावणाने धुवा. त्यात मीठ आणखी विरघळू शकत नाही, पण मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. शेवटचे वाळवणे उन्हातच करावे. बर्नरवर कोरडे होईपर्यंत तापवले तर स्फटिकांत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन खडे तडतडतात आणि डोळ्यापर्यंत उडतात. गरम तव्यावर मीठ टाकल्यावर येतो तोच आवाज.

आता आयोडीन. भारतात थेट खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर २००६ पासून बंदी आहे. कारखान्यात दर किलोला किमान ३० मिलिग्रॅम आणि ग्राहकाच्या हाती किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असा दंडक आहे. ते पोटॅशियम आयोडेटच्या रूपात घालतात, आयोडाईडच्या नाही, कारण आपल्या दमट हवेत आयोडाईडचे ऑक्सिडीकरण होऊन आयोडीन उडून जाते.

याच्या तपासणीचा एक प्रयोग सर्वत्र फिरतो : कापलेल्या बटाट्यावर मीठ टाका, लिंबाचे दोन थेंब पिळा, निळा रंग आला तर मीठ आयोडीनयुक्त. मुलांनी तो करावा, पण उत्तरावर विश्वास ठेवू नये. स्टार्च निळा होतो तो मुक्त आयोडीनने, आयोडेटने नाही. आयोडेटपासून आयोडीन सुटायला काही तरी क्षपण करणारे (त्यातला ऑक्सिजन काढून घेणारे) हवे, आणि इथे ते काम लिंबातले क-जीवनसत्त्व करते. पण हेच जीवनसत्त्व तयार झालेले आयोडीनही लगेच गिळून टाकते. हिशेब करून पाहा. दर किलोला १५ मिलिग्रॅम आयोडीन असलेल्या एक ग्रॅम मिठातले आयोडेट जेमतेम ६० मायक्रोग्रॅम क-जीवनसत्त्व संपवू शकते. लिंबाच्या दोन थेंबांत ४० ते ५० मायक्रोग्रॅम सहज असते, शिवाय बटाट्यातले वेगळे. तिसरा-चौथा थेंब पडला की रंग येतच नाही किंवा येऊन नाहीसा होतो. मीठ चांगले, लिंबू रसदार, आणि निकाल ‘भेसळ’!

भरवशाची रीत अशी. भाताची पेज गार करून दुप्पट पाण्याने पातळ करा. तिच्या १० मिलिलिटरमध्ये चहाचा अर्धा चमचा मीठ विरघळवा. पोटॅशियम आयोडाईडच्या १० टक्के द्रावणाचे पाच थेंब आणि रंगहीन व्हिनेगर एक मिलिलिटर घाला. आम्लाच्या उपस्थितीत एक आयोडेट पाच आयोडाईडशी मिळून आयोडीनचे तीन रेणू देतो, म्हणजे मिठात होते त्याच्या सहापट आयोडीन दिसते. म्हणून इतक्या अल्प मात्रेतही मिनिटभरात निळा-जांभळा रंग येतो. शेजारी दुसऱ्या नळीत आयोडीनविरहित मीठ घेऊन हीच कृती एकाच वेळी करा. ही तुलनेची नळी वगळू नये, कारण आम्लात आयोडाईड ठेवले तर हवेतल्या ऑक्सिजननेही सावकाश निळेपणा येतो. दोन मिनिटांत नोंद करा, दुसऱ्या दिवशीच्या रंगाला अर्थ नाही. काही जिल्ह्यांत आशा सेविका मिठाच्या तपासणीसाठी जो छोटा संच वापरतात, त्यातही हेच रसायन आहे.

सैंधव, गुलाबी मीठ, काळे मीठ यांच्या जाहिरातींत ‘रसायनमुक्त’ असा शब्द असतो. मीठच रसायन आहे, तेव्हा रसायनमुक्त मिठाचा पुडा रिकामा असायला हवा. गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साईडचा. काळ्या मिठाचा वास गंधकाच्या संयुगांचा, आणि ‘पादेलोण’ हे नाव देणाऱ्या आपल्या पूर्वजांचे नाक तिखट होते.

ज्योतीचा प्रयोग घरोघर आपोआप होतो : वरण उतू गेले की गॅसची निळी ज्योत पिवळी होते, तो सोडियम. बर्फ-मिठाचा प्रयोग तीन भाग कुटलेला बर्फ आणि एक भाग मीठ या प्रमाणात करावा. तापमान उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते, वर्गात उणे १० ते १५ मिळते. बर्फाचे मोठे तुकडे घेतले की तेवढेही मिळत नाही. हे मिश्रण तळहातावर धरून ‘कोण जास्त वेळ टिकतो’ हा खेळ मात्र कुणी खेळू नये, कातडी गोठून भाजल्यासारखे फोड येतात.

हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा यांपासून मीठ ‘तयार करून दाखवणे’ हे शिक्षकाचे काम आहे. दोन्हींची ०.१ मोलर तीव्रतेची (म्हणजे बरीच पातळ) द्रावणे २५-२५ मिलिलिटर घेतली तर मीठ मिळते सुमारे ०.१५ ग्रॅम, बशीत नुसता पांढरा डाग. थोडे चुकायचेच असेल तर आम्लाच्या बाजूने चुकावे. जादा आम्ल आटवताना वाफेबरोबर निघून जाते (म्हणून खिडकी उघडी हवी), जादा कॉस्टिक सोडा मिठातच राहतो. हे मीठ चाखायचे नाही, कितीही बरोबर मोजले असले तरी.

शेवटी धोक्याचे दोन प्रयोग. मीठपाण्यातून ९ व्होल्टच्या बॅटरीने वीज सोडली की ऋणाग्रावर (बॅटरीच्या ऋण बाजूला जोडलेल्या टोकावर) हायड्रोजन आणि धनाग्रावर (धन बाजूच्या टोकावर) क्लोरीन निघतो. पेन्सिलीची टोके वापरली तर पोहण्याच्या तलावासारखा वास येतो; तो आला की थांबायचे. बंद डब्यात किंवा बंद खोलीत हा प्रयोग करायचा नाही. पेन्सिलीऐवजी लोखंडी खिळे घेतले तर पाणी हिरवट, मग तपकिरी होते. हा गाळ पाण्यातला नसतो, धनाग्राचा खिळा विरघळून तयार झालेला असतो. पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणारे काही जण दारात येऊन हेच दाखवतात : तुमच्या नळाचे पाणी काळपटले, आमचे स्वच्छ राहिले. त्यांच्या पाण्यात क्षार नसल्याने वीज वाहत नाही, एवढेच. त्यांच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा आणि पुन्हा बटण दाबायला लावा.

दुसरा धोका प्राणघातक आहे. मीठपाण्याच्या बादलीत घरच्या विजेच्या तारा सोडून दिवा मंद-प्रखर करण्याचा ‘डिमर’ अधूनमधून प्रदर्शनात मांडला जातो. २३० व्होल्टच्या विजेला जोडलेल्या खाऱ्या पाण्यात बोट गेले तर मूल तिथेच चिकटते. असा प्रकल्प निवड समितीने टेबलावर येऊच देऊ नये आणि वृत्तपत्रांनी त्याचे छायाचित्र कौतुकाने छापू नये.

आमची विनंती एवढीच. पुरवणीत मिठाचा प्रयोग छापताना ग्रॅम आणि मिलिलिटर द्यावेत, मीठ खडे की बारीक ते लिहावे, महिना सांगावा, आणि दोन ओळी ‘फसला तर कशामुळे’ याच्यासाठी राखून ठेवाव्यात. उरलेले मीठपाणी कुंडीत ओतू नये, हेही त्यात लिहिले तर शाळेची झाडे वाचतील.

आपले,
रसायनशास्त्राचे काही शिक्षक, रायगड जिल्हा